आबांच्या नावानं गावभर गेलेली भेट

हौसराव आबांच्या लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटंसं बटण गेले अकरा महिने एकच विनंती करत होतं: ‘अपडेट करा’. आधी ते हिरवं होतं, मग नारिंगी झालं आणि दिवाळीपासून तर लालबुंद. आबा रोज सकाळी चहाचा पेला घेऊन लॅपटॉपसमोर बसायचे, त्या लाल बटणाकडे घरच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघायचे आणि अगदी सभ्यपणे ‘नंतर’ दाबायचे.

यात आळस मुळीच नव्हता. यात शास्त्र होतं. वडगाव रासाईत भीमेच्या काठावरच्या पाण्याच्या मोटारी सांभाळण्यात आबांचं उभं आयुष्य गेलेलं. लाईट येणार कधी, जाणार कधी, मोटार पाणी धरणार की नाही, कशाचाच भरवसा नाही. अशा चाळीस वर्षांतून आबांनी एकच सिद्धांत काढला होता, की चालू मोटारीला हात लावायचा नाही. एकदा बंद केली की पाइपातलं पाणी खाली उतरतं, आणि मग बसा बादलीनं पाणी ओतत. आता अपडेट काय म्हणायचं? ‘ब्राउजर बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल.’ म्हणजे झालंच की. चालू मोटार बंद.

शिवाय आबांच्या ब्राउजरमध्ये एकोणनव्वद टॅब उघडे होते. कांद्याचे भाव, पावसाचा अंदाज, पाटसच्या कारखान्याची ऊसतोडीची बातमी, गाईच्या खुराचं औषध, आणि दोन वर्षांपूर्वी झालेल्या एका कुस्तीचा निकाल. जे एकदा उघडलं ते आबांनी कधी बंद केलं नव्हतं.

त्यांची नात प्रांजल शिरूरला अकरावी सायन्सला होती. तिनं निदान दहा वेळा तरी समजावलं असेल. ब्राउजर म्हणजे आपल्या घराचा इंटरनेटकडचा दरवाजा. त्याला कुठं ना कुठं भोकं सापडत राहतात. ज्यांनी दरवाजा बनवला ते भोक बुजवून देतात, आणि ते बुजवणं म्हणजेच अपडेट. आपण केलं नाही तर भोक तसंच राहतं, आणि वर ते कुठं आहे हे आता सगळ्या चोरांना माहीत झालेलं असतं.

“माझ्या दाराला भोक असतं तर मला दिसलं नसतं व्हय?” आबा म्हणायचे. यावर प्रांजलकडे उत्तर असायचं, पण तोवर सकाळच्या एसटीचा हॉर्न वाजायचा.

त्या शनिवारी कॉलेजला सुट्टी होती. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होती, मतदानाला चारच दिवस उरले होते, आणि वॉर्ड नंबर तीनमधून प्रांजलची आई सविता उभी होती. निशाणी कपबशी. सकाळच्या एसटीसाठी, म्हणजे मुलींना कॉलेजला वेळेवर पोचता यावं म्हणून, सवितानं तीन वर्षं अर्ज लिहिले होते. एसटी सुरू झाली तेव्हा बायकाच म्हणाल्या, आता तू उभी राहा. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाचं पत्रक छापून आलं होतं आणि ती ते दिवसातून चार वेळा वाचायची, शुद्धलेखन तपासल्याचं दाखवत.

ती सकाळीच पत्रकं घेऊन प्रचाराला गेली होती. प्रांजलचे वडील संपत दौंडला गेले होते, कारण आबांच्या मोबाईलवर गाईनं पाय दिला होता आणि तिथं एकजण काच बदलून देतो असं कळलं होतं. म्हणजे आबांचा फोन दौंडात आणि आबा वडगावात. पण त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवर चालूच होतं. एकोणनव्वदातला एक टॅब त्याचाच होता.

सव्वानऊला कोंडिबा आला. कोंडिबा चार घरं पलीकडचा, आबांचा पत्त्यातला जोडीदार. हातात रिकामी कापडी पिशवी.

“आबा, आलोय.”

“ये की. बस.”

“बसतो. पण भेट आधी दिली असती तर बरं. पिशवी पुरंल, का पोतं आणू?”

आबांनी विचारलं, कसली भेट. कोंडिबा हसला. चार पंचवार्षिक बघितलेला माणूस निवडणुकीच्या दिवसांत हसतो तसं हसला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, “बरं बरं. मी कुठं काय बोलतोय.”

एवढ्यात मागच्या आळीतल्या कस्तुराबाई आल्या. त्यांच्या हातात झाकणाचा स्टीलचा डबा होता, कारण त्यांच्या मते सणाचं राहिलेलं काहीतरी गोडाधोडाचं असणार. मग दोघंजण मोटारसायकलवर आले. मग एक अख्खं कुटुंब आलं, कडेवरच्या बाळासकट. पावणेदहापर्यंत अंगणात सतरा माणसं जमली, आणि सगळी आबांकडे अशी बघत होती जणू आबांच्या खिशात काहीतरी हलतंय.

प्रांजलनं कोंडिबाचा फोन मागून घेतला. त्यावर आबांचं नाव होतं, आबांचा फेटा घातलेला फोटो होता, आणि खाली असा मजकूर होता: ‘अभिनंदन. हौसराव यांनी तुमच्यासाठी एक खास भेट राखून ठेवली आहे. मिळवण्यासाठी खालील लिंकवर दाबा. संधी फक्त आजच.’

प्रांजलनं विचारलं, “कोंडिबाकाका, तुम्ही लिंक दाबली?”

“न्हाई बा,” कोंडिबा दुखावून म्हणाला. “लिंक दाबायची नसती. शाळेत पोलिसांचा कार्यक्रम झाला तवा सांगितलंय. म्हनून तर चालत आलो.”

तिनं सगळ्यांना विचारलं. एकानंही लिंक दाबली नव्हती. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं. लिंकचा काय भरवसा, पण आबांचा आहे. आबा म्हणालेत म्हणजे काहीतरी असणारच, आणि घर दोन मिनिटांवर असताना दाबादाबी कशाला? बरं, आधी फोन करून विचारावं, तर आबांचा फोन दौंडात बंद. आता कुठल्या तरी लांबच्या देशात बसून ज्या भामट्यानं हे जाळं विणलं, त्यानं सगळा विचार केला असेल, लोभाचा केला असेल, घाईचा केला असेल. पण ज्याला फसवायचंय तो पिशवी घेऊन सरळ दारातच येईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

प्रांजल पळत आत गेली. लॅपटॉपच्या पडद्यावर आबांचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप चाललं होतं. एकेक नाव उघडत होतं, संदेश जात होता, नाव बंद होत होतं, पुढचं उघडत होतं. ‘नामदेव टेलर’ झाला. ‘निवृत्ती पाहुणे’ झाले. ‘पंप दुरुस्ती’ झालं. प्रांजलनं बटणं शोधण्यात वेळ घालवला नाही. तिनं भिंतीजवळ जाऊन वायफायचा प्लगच उपटला. ‘पाटस उसाची गाडी’ तेवढी वाचली.

बाहेर आली तर आणखी गंमत. सविता प्रचारावरून परतली होती. अंगणात एकवीस माणसं बघून तिचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. तिला वाटलं, ही सगळी आपल्यासाठी आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले आणि आठवडाभर आरशासमोर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. “माझ्या वॉर्डातल्या बंधू-भगिनींनो…”

“वहिनी, भाषण मागनं,” कोंडिबा म्हणाला. “आधी भेट.”

सगळं कळल्यावर सविता पायरीवरच बसली. आचारसंहिता लागू होती. मतदाराला साधी सुई जरी वाटली तरी तक्रार होऊ शकते, उमेदवारी अडचणीत येते, हे तिला अर्ज भरतानाच सांगितलं होतं. तीन वर्षांचे अर्ज, ती एसटी, ते पत्रक, सगळं एका लाल बटणापायी.  तिनं हातातल्या पत्रकांचा गठ्ठा पदराखाली घेतला, कुणी काढून घेईल असा.

आबांनाही आता परिस्थितीचं गांभीर्य कळलं, आणि गांभीर्य कळल्यावर ते जे करतात तेच त्यांनी केलं. आत तोंड करून चहा टाकायला सांगितला. आत कुणीच नव्हतं, म्हणून प्रांजलनंच जाऊन टाकला. पहिला ट्रे बाहेर आला आणि सविता ताडकन उठली.

“कपबशीत न्हाई! निशाणी हाय ती आपली.”

सगळे कपबश्यांकडे बघायला लागले. निळ्या फुलांच्या एकवीस कपबश्या. उमेदवाराच्या अंगणात, मतदारांच्या हातात, चार दिवस आधी. चहा परत आत गेला आणि फुलपात्रांतून बाहेर आला. फुलपात्रं कमी पडली तेव्हा कस्तुराबाईंनी आपला डबा पुढे केला. नाहीतरी रिकामाच होता.

चहा ओठांपर्यंत गेला असेल नसेल, दारात पांढरी जीप थांबली. भरारी पथक. एक सडपातळ साहेब उतरले, बगलेत फाईल. त्यांच्यामागे खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस. साहेबांचं नाव गोकुळ होतं आणि ते इतकं शुद्ध बोलायचे की समोरचा आपोआप सरळ उभा राहायचा.

“हौसराव आपणच? आज सकाळी नऊ वाजून अठरा मिनिटांनी आपण आमच्या पथकासाठी एक खास भेट राखून ठेवल्याचं आम्हाला कळवलंत.”

“तुम्हाला बी गेली?” आबा थक्क होऊन म्हणाले.

“म्हणून तर एवढ्या लवकर आलो.”

झालं होतं असं की, तक्रारीसाठी पथकाचा नंबर सगळ्या उमेदवारांना मिळाला होता, आणि सुनेचं सगळं रीतसर व्हावं म्हणून आबांनी तो स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवला होता. भामट्याच्या दृष्टीनं पंप दुरुस्ती काय आणि भरारी पथक काय, दोन्ही सारखीच गिऱ्हाइकं. निवडणूक अधिकाऱ्यांना स्वतःहून आमिष कळवणारं हे बहुधा पहिलंच घर असावं.

प्रांजलनं एका दमात सगळं सांगितलं. अकरा महिने अपडेट नाही, दरवाजाला भोकं, ‘थेट बाजारभाव’ नावाचं एक फुकटचं एक्स्टेन्शन, म्हणजे जादाचा छोटा प्रोग्राम, आबांनी कधीतरी ब्राउजरला जोडून घेतलेलं, आणि जुन्या भोकातून आत शिरून तेच आता आबांच्या नावानं संदेश धाडतंय. गोकुळसाहेबांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, आता संदेश जातायत का? प्रांजल अभिमानानं म्हणाली, नाही, मी वायफायच बंद केलं.

“म्हणजे तुम्ही पुरावा बंद केलात,” गोकुळसाहेब म्हणाले. आणि कॅमेरावाल्याला भिंतीजवळचा उपटलेला प्लग दाखवला. कॅमेऱ्यानं प्लग घेतला, सविता घेतली, फुलपात्रं घेतली आणि शेवटी बराच वेळ कस्तुराबाईंचा डबा घेतला.

 पण प्रांजलला एक गोष्ट पक्की माहीत होती. तिनं ती गोकुळसाहेबांना सांगितली. नवीन ब्राउजर असल्या एक्स्टेन्शनला ओळखतो, बंद करतो आणि तसं लिहून दाखवतो. अपडेट करू. तुमच्या कॅमेऱ्यासमोर करू. चोर निघाला तर आई सुटली, आणि नाही निघाला तर तुमचं तुम्ही लिहा.

गोकुळसाहेब तयार झाले. सविता तयार झाली. अंगणातली एकवीस माणसं तर भेट विसरून तयार झाली. तयार नव्हते फक्त आबा.

ते लॅपटॉपसमोर बसले होते आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले होते. एकोणनव्वद टॅब, असं काहीसं पुटपुटत होते. सवितानं विनवलं, कोंडिबानं दटावलं, कस्तुराबाईंनी नवस बोलायची तयारी दाखवली. आबांचं एकच. चाललंय ते बंद केलं आणि परत धरलंच नाही तर?

प्रांजल त्यांच्याशेजारी खाली मांडी घालून बसली. आतापर्यंत ती दहा वेळा दरवाजा आणि भोकं सांगून चुकली होती. या वेळी तिनं दरवाजा सोडून दिला.

“आबा, मोटार चालू हाय, पण पाणी दुसऱ्याच्याच रानात चाललंय. मग काय कराल?”

आबांनी तिच्याकडे बघितलं. मांडीखालचा एक हात बाहेर काढला.

“बंद करीन,” ते म्हणाले.

“आन् परत धरली न्हाई तर?”

“मग बादलीनं पाणी घालीन. त्यात काय.”

“मी बी घालते तुमच्यासंगं,” प्रांजल म्हणाली.

प्लग परत लावला गेला. आबांनी माउस धरला, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच ‘नंतर’ सोडून दुसरीकडे नेला आणि लाल बटण दाबलं.

पडद्यावर एक निळी रेघ सरकायला लागली. दहा टक्के. तीस टक्के. वायफायचा वेग वडगावातला, त्यामुळे रेघ मध्येच थांबून विचार करायची. अख्खं अंगण खिडकीत आणि दारात जमलं. बेचाळीसवर ती अशी अडली की कोंडिबा हळूच म्हणाला, “मोटारीगत हवा धरली.” लोकांनी गंभीरपणे माना हलवल्या. ज्यांनी जन्मात लॅपटॉपला हात लावला नव्हता, त्यांना आता त्याचा नेमका आजार कळला होता. एकानं तर पाठीमागून थोडं थापटायला सांगितलं.

शंभर झाले. ब्राउजर बंद झाला. पडदा रिकामा. आबांनी डोळे मिटले. गोकुळसाहेबांनीही फाईल छातीशी धरली होती, हे कॅमेरावाल्याच्या लक्षात आलं, पण त्यानं ते चित्रात घेतलं नाही.

आणि मग ब्राउजर उघडला. लख्ख, नवा, चपळ. मधोमध एक चौकोन होता: ‘थेट बाजारभाव हे एक्स्टेन्शन धोकादायक असल्याने बंद करण्यात आले आहे.’ गोकुळसाहेबांनी ते कॅमेऱ्यासाठी दोनदा मोठ्यानं वाचलं. अंगणात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आबा मात्र वरची पट्टी मोजत होते.

“एकोणनव्वद,” ते म्हणाले. “समदे परत आले की गं. मग अकरा महिने मला कुणी सांगितलं का न्हाई?”

 कधीकधी जिंकलेलं भांडण वाढवू नये, एवढं प्रांजललाही कळायला लागलं होतं. तिनं गुपचूप लॅपटॉपवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद केलं आणि आबांचे पासवर्ड बदलायला घेतले.

पण सविता अजून सुटली नव्हती. गोकुळसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. चोर होता, मान्य, ते म्हणाले. पण उमेदवाराच्या घरातून मतदारांपर्यंत भेटीचं आमिष पोचलं, हेही तितकंच खरं. अहवालात ते लिहावंच लागणार, पुढचा निर्णय वरचे घेतील. सविताच्या पदराखालचा गठ्ठा आणखी आत गेला.

“लिवा की साहेब,” गर्दीतून आवाज आला. “आन् त्यात माझं बी नाव लिवा. मलापन आलीया भेट.”

लोक बाजूला झाले. जाईबाई उभ्या होत्या. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या, अर्ध्या गावाला अ आ इ शिकवलेल्या, पांढऱ्या केसांच्या जाईबाई. डोक्यावर उन्हाची छत्री.

“छत्री आधी खाली करा,” गोकुळसाहेब घाईनं म्हणाले, कारण त्यांच्याजवळच्या यादीत वॉर्ड तीनची दुसरी निशाणी छत्री होती. मग नाव विचारायचं राहिलं हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी विचारलं, “आपण कोण?”

“हिच्या विरोधात उभी हाय,” जाईबाईंनी सविताकडे हनुवटी केली आणि छत्री मिटली. “आमच्या मालकांच्या, बबनरावांच्या फोनवर आलं, हौसराव भेट देनार म्हनून. मी म्हनलं बघू तरी. आता मला सांगा साहेब, मतासाठी आमिष दावायचं तर माणूस विरोधातल्या उमेदवाराला दावंल का?”

पेन थांबलं.

“आन् तुम्हालापन दावलं म्हनं. तुमचं मत हाय व्हय ह्या वॉर्डात?”

“नाही,” गोकुळसाहेब म्हणाले. “माझं शिरूरला आहे.”

“मग?”

या ‘मग’साठी गोकुळसाहेबांनी फाईल उघडली. त्यांनी परिपत्रक पुढून वाचलं, मागून वाचलं. शेवटी त्यांनी जे लिहिलं त्याचा सारांश असा, की संदेश पंप दुरुस्तीवाल्यापासून विरोधी उमेदवारापर्यंत आणि खुद्द पथकापर्यंत सर्वांना भेदभाव न करता गेला असल्यानं त्यामागे मतांचा हेतू दिसून येत नाही. खाली जाईबाईंनी साक्षीदार म्हणून सही केली, अंगणवाडीतल्या फळ्यावरच्या गोल अक्षरात.

सवितानं त्यांना बाजूला घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. असं का केलंत, एवढंच तिला विचारता आलं.

“तू बाद झालीस तर मी बिनविरोध,” जाईबाई म्हणाल्या. “मग गाव म्हनंल, जाईबाई मोबाईलनं निवडून आली. सारा वॉर्ड पायी फिरलेय मी, गुडघे बघ माझे. तुला मतांनी पाडायचीय मला.”

“पाडा की,” सविता नाक पुसत हसली. “मी काय बसून राहणाराय?”

आता उरला एकच प्रश्न. लोक काही हलेनात. ती भेट चोरानं दिली होती हे पटलं होतं, पण पिशव्या आणलेल्या होत्या आणि सकाळ मोडली होती. तेव्हा प्रांजलनं जाहीर केलं की सगळ्यांनी फोन द्यावेत, ती एकेकाचा ब्राउजर अपडेट करून देईल, हीच भेट समजावी. सविता परत घाबरली. गोकुळसाहेब परत परिपत्रकात शिरले. त्यात साडी होती, धान्य होतं, जेवण होतं, अपडेट नव्हतं. तरी उमेदवाराची मुलगी एकटीनं करत असेल तर ते बरं दिसणार नाही, असं त्यांचं मत पडलं. मग जाईबाईंनी आपल्या सुनेला, सीमाला बोलावलं. ती मांडवगण फराट्याला एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. समोरच्या शाळेच्या ओट्यावर एका बाजूला प्रांजल, दुसऱ्या बाजूला सीमा, आणि फोन आळीपाळीनं, एक इकडे, एक तिकडे. कॅमेरा ते निःपक्षपातीपणे टिपत राहिला.

दुपारपर्यंत बत्तीस फोन झाले. कोंडिबाचा फोन इतका जुना निघाला की त्याला एकामागून एक तीन अपडेट द्यावे लागले, आणि तो ते गावभर अभिमानानं सांगत फिरला. सगळ्यात शेवटी, लोक पांगल्यावर, गोकुळसाहेबांनी आपला फोन हळूच ओट्यावर ठेवला. चौदा महिने. “कामामुळे राहून जातं,” ते म्हणाले, आणि कॅमेरावाल्याला जीपमध्ये जाऊन बसायला सांगितलं.

जाईबाईंनीही आपला फोन काढला होता. साधा बटणांचा. प्रांजलनं तो उलटासुलटा करून बघितला. “मावशी, ह्याला तो दरवाजाच न्हाई. बुजवायचं काय?”

“मग ऱ्हाऊ दे,” जाईबाई म्हणाल्या. त्यांनी फोन कमरेच्या पिशवीत टाकला आणि छत्री न उघडता निघाल्या. आबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्या वळणापर्यंत जाईस्तोवर ते तिथंच उभे होते.

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी शिरूरला मोजणी. वॉर्ड तीनमध्ये जाईबाई तीनशे दहा, सविता तीनशे अकरा. निकाल फोनवर आला आणि घराचं नुसतं मंदिर झालं, इतका गुलाल. संपतनं सविताला गुलाल लावला, सवितानं प्रांजलला लावला, कोंडिबानं गाईलाही लावला. सविता हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एका मतानं, एका मतानं, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

आबा ओसरीवर बसून होते. दौंडहून दुरुस्त होऊन आलेला फोन हातात घेऊन.

“एकानं आली व्हय?” त्यांनी विचारलं.

“व्हय आबा, एकाच मतानं.”

आबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग मान हलवली.

“तीनानं आली असतीस,” ते म्हणाले.

आधी प्रांजलला गणित सुटलं. तिचा गुलालाचा हात तसाच हवेत राहिला. मग सविताला सुटलं.

“आबा,” ती हळू म्हणाली, “तुम्ही छत्रीला…?”

“त्या दिवशी समद्यांला काय ना काय मिळालं,” आबा म्हणाले. “ती बाय तेवढी मोकळ्या हातानं गेली. माझ्या नावानं बोलावणं गेलेलं. दुसरं द्यायला माझ्याकडं काय व्हतं?”

 ओठ चावून सवितानं काहीतरी आवरलं, आणि मग ते आवरलं गेलंच नाही. ती हसत सुटली, इतकी की तिला खांबाला धरावं लागलं. एवढ्यात फाटक वाजलं. जाईबाई आल्या होत्या, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा, अभिनंदनाला. आबा गडबडीनं उठले, धोतर सावरलं आणि सुनेच्या कानाशी वाकले.

“तिला काय सांगू नको बरं. भेट दिली की बोलून दावायची नसती.”